बोट ओळखणारा, पण वाकण्याला न फसणारा पडदा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांना एक लवचिक पडदा करायचा आहे. बोट दाबाल तिथे तो उजळेल, जास्त जोर दिला तर जास्त उजळेल आणि खांबाभोवती किंवा मनगटावर गुंडाळता येईल. हातात चार महिने, खिशात पंधरा हजार. सुटे लवचिक ओएलईडी (सेंद्रिय द्रव्याचे एलईडी) कुठे मिळतील, की मोडक्या फोल्डेबल फोनचा पडदा काढून वापरावा, आणि आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पुरेल का, असं त्यांनी विचारलंय.

आधी सरळ उत्तरं देऊन टाकते. सुट्या लवचिक ओएलईडीच्या मागे लागू नका. फोनच्या पडद्याचा नाद सोडा. आर्डुइनो पुरेल, आकार आटोक्यात ठेवलात तर. पंधरा हजारांत आणि चार महिन्यांत दाखवण्याजोगी वस्तू नक्की होईल.

पण तुम्ही जे विचारलंच नाही तेच या प्रोजेक्टचं खरं दुखणं आहे. दाब ओळखणारा सेन्सर करणं सोपं, ठिपके उजळवणं तर त्याहून सोपं. दोन्ही एकाच वाकणाऱ्या शीटवर आणलं की भलताच पेच पडतो: शीट नुसती वाकवली तरी सेन्सरला वाटतं कुणीतरी दाबलं. मग खांबाभोवती गुंडाळताक्षणी, एकही बोट न लागता, अर्धा पडदा उजळून बसतो. माणसाचा स्पर्श कुठला आणि पडद्याचं स्वतःचं वाकणं कुठलं, हे त्याला कळायला हवं. मी मेम्ब्रेन कीपॅड आणि लवचिक सर्किटच्या कामात आहे. मशिनच्या पॅनलवर चपट्या बटणांची जी शीट असते, ती. गोल पृष्ठभागावर कीपॅड चिकटवायचा असला की आम्हालाही पहिली काळजी हीच असते, की बटण आपोआप दाबलेलं राहू नये.

फोनच्या पडद्याबद्दल दोन शब्द, कारण तो मोह बऱ्याच जणांना होतो. त्या पॅनलशी बोलायला लागणारे सुरुवातीचे आदेश आणि जोडणीची माहिती बाहेर मिळत नाही, त्यामुळे पॅनल हातात आलं तरी पेटवणं मुश्कील. त्यावरचा टच कपॅसिटिव्ह असतो. बोट कुठे आहे ते त्याला कळतं, किती जोर दिला ते नाही, आणि तुम्हाला तर जोर हवाय. शिवाय तो पडदा ठरलेल्या रेषेवर, बिजागरीने ठरवलेल्या त्रिज्येतच वाकायचा. बिजागरीबाहेर काढलात की तुमच्या हाताने कुठेही, कसाही वाकेल आणि मरेल. २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला फोल्ड परीक्षणासाठी पत्रकारांकडे गेला, तेव्हा काहींनी वरचा प्लास्टिकचा थर स्क्रीन प्रोटेक्टर समजून सोलला आणि पडदे गेले. एप्रिलमध्ये बाजारात यायचा फोन सप्टेंबरमध्ये आला. वरचा एक थर गेला तर पडद्याची ही गत, तर अख्खं पॅनल उकरून काढण्याबद्दल न बोललेलं बरं.

आता तुमची कल्पना मुळात आली कुठून ते पाहू. बहुतेक तुम्ही बर्कलीच्या इलेक्ट्रॉनिक त्वचेचे फोटो पाहिलेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अली जावी यांच्या गटाने २०१३ मध्ये नेचर मटेरियल्समध्ये ते काम छापलं. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर १६ बाय १६ ठिपके. प्रत्येक ठिपक्यापाशी कार्बन नॅनोट्यूबचा एक ट्रान्झिस्टर, एक ओएलईडी आणि वरून दाबाने रेझिस्टन्स बदलणारं रबर. ओएलईडीचा करंट त्या रबरातूनच जातो. बोटाने रबर दाबलं की रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो, ठिपका उजळतो. यातली खुबी अशी की मोजणारा आणि ठरवणारा कॉम्प्युटर मध्ये लागतच नाही. दाब आणि उजेड यांचा संबंध तिथल्या तिथे, त्या ठिपक्यातच लागतो.

हे घरी का होणार नाही? ट्रान्झिस्टरचं सोडा, ओएलईडीच्या पायरीवरच गाडी अडते. ओएलईडीमधलं सेंद्रिय द्रव्य आणि त्याचा कॅथोड (ऋण टोक) पाण्याच्या वाफेने आणि ऑक्सिजनने खराब होतात. म्हणून त्याच्यावरचं आवरण चोवीस तासांत दर चौरस मीटरला ग्रॅमच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकीच वाफ आत येऊ देईल असं लागतं. तुमच्या लॅबमधली साधी पीईटी प्लास्टिकची फिल्म तेवढ्याच वेळात ग्रॅमच्या हिशोबात वाफ सोडते. फोनमध्ये यासाठी अकार्बनी आणि सेंद्रिय थर आलटून पालटून चढवतात. व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर, नायट्रोजनची ग्लोव्ह बॉक्स, हे सगळं त्यात आलं. आयआयटी मुंबईत आयएनयूपी नावाचा कार्यक्रम आहे, त्यातून बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांना तिथली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची सुविधा वापरता येते. तुमच्या मार्गदर्शकांना हे काम पुढे न्यायचं असेल तर तिकडे प्रस्ताव जरूर पाठवा. पण चार महिन्यांच्या पदवीच्या प्रोजेक्टचा जीव त्यात टांगू नका.

दुसरी एक वाट अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची आहे. रॉबर्ट शेफर्ड यांच्या गटाने २०१६ मध्ये सायन्समध्ये अशी त्वचा दाखवली, जी मूळ लांबीच्या चारशे टक्क्यांहून जास्त ताणली तरी उजळत राहते. सिलिकॉन रबरात झिंक सल्फाइडचा फॉस्फर (विजेने उजळणारी पूड), दोन्ही बाजूंना पारदर्शक हायड्रोजेलचे इलेक्ट्रोड. रचना कपॅसिटरची. ताणला किंवा दाबला की कपॅसिटन्स बदलतो, म्हणून उजेड देणारी वस्तूच सेन्सरही होते. फॉस्फर मिळतो, स्क्रीन प्रिंटिंग जमतं, त्यामुळे ही वाट विद्यार्थ्यांना जवळची वाटते. अडचण अशी की हा उजेड एसीवर चालतो आणि बाजारातल्या साध्या इएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट) शीटलाही शंभरेक व्होल्ट लागतात. ज्या वस्तूला लोकांनी बोटं लावावीत अशीच तुमची इच्छा आहे, तिच्यात ते व्होल्टेज वाकणाऱ्या, झिजणाऱ्या थराखाली असावं, हे मला पटत नाही. इन्सुलेशनची जबाबदारी घेणारं जाणतं माणूस लॅबमध्ये असेल तर गोष्ट वेगळी.

राहिली तिसरी वाट, आणि माझा कौल तिलाच: तयार लवचिक एलईडी पॅनल, त्याखाली स्वतः केलेला दाबाचा सेन्सर आणि मध्ये मायक्रोकंट्रोलर. बर्कलीच्या मानाने हे अडाणी वाटेल. पण वाक आणि बोट वेगळं ओळखायचं तर मध्ये कुणीतरी विचार करणारं लागतंच. ठिपक्यातल्या ठिपक्यात सगळं होतं तिथे ही सोय राहत नाही. रेझिस्टन्स उतरला की ठिपका उजळला, मग कारण बोट असो की वाक.

वाकण्याचं गणित आधी समजून घ्या, त्यावर पुढचं सगळं ठरतं. कुठलीही फिल्म वाकवली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला आकसतो. मधे एक पातळी अशी असते जिची लांबी बदलत नाही. बाहेरच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेन, म्हणजे लांबी किती टक्के ताणली ते प्रमाण, म्हणजे फिल्मची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. त्रिज्येची दुप्पट म्हणजे व्यास, म्हणून मी पोरांना सोपं करून सांगते: जाडी भागिले पाइपचा व्यास. आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) पारदर्शक वाहक थर चढवलेली १२५ मायक्रॉनची पीईटी फिल्म २५ मिमीच्या पाइपवर गुंडाळली तर स्ट्रेन अर्धा टक्का. १० मिमीच्या दांड्यावर सव्वा टक्का. आयटीओ साधारण एक ते दोन टक्क्यांदरम्यान तडकायला लागतो. म्हणजे पहिल्या पाइपवर निभावतो, दुसऱ्यावर त्याचा भरवसा नाही. फोनवाले फिल्म इतक्या पातळ का करतात आणि नाजूक थर मधल्या पातळीजवळ का आणतात, ते यावरून लक्षात येईल.

आता हेच तुमच्या थप्पीला लावा. एलईडी पॅनल, सेन्सरचे तीन थर, वरचं कापड, सगळं मिळून समजा ३ मिमी. हे सगळं गोंदाने एकजीव केलंत आणि ५० मिमीच्या पाइपवर गुंडाळलंत तर स्ट्रेन सहा टक्के. तांबं, सोल्डर, चांदीची शाई, कुणीच हे वारंवार सोसणार नाही. तेच थर एकमेकांवरून सरकू दिले तर प्रत्येक थर आपापल्या जाडीपुरताच ताणला जातो: ०.१ मिमीची फिल्म त्याच पाइपवर फक्त ०.२ टक्के. शंभर पानी वही सहज वाकते आणि तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा मोडतो, त्यातलाच प्रकार. घडी घालणाऱ्या फोनमध्येही थरांमधला चिकट पदार्थ मुद्दाम मऊ ठेवतात, थर थोडेसे सरकावेत म्हणून.

आणि इथेच खोटा दाब जन्माला येतो. दोन थर ०.३ मिमी अंतरावर आहेत आणि शीट पाइपला अर्धा वेढा घालते असं धरा. बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा π (३.१४) गुणिले ०.३, म्हणजे जवळजवळ १ मिमी जास्त वाट चालावी लागते. गंमत अशी की पाइप लहान असो वा मोठा, अर्ध्या वेढ्याला फरक तेवढाच. हा एक मिलिमीटर येणार कुठून? दोन्ही कडा चिकटवल्या असतील तर कुठूनच नाही. मग बाहेरचा थर तंग होतो आणि मधल्या सेन्सरला दाबतो. तुमचे आकडे चढतात ते यामुळे, आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीही डोकं चालवलं तरी हा दाब खोटा नाही. तो खरोखरच तिथे असतो. म्हणून पहिला इलाज कोडमध्ये नाही, बांधणीत आहे: एकच कड पक्की करा, कनेक्टरच्या बाजूची. बाकीच्या तिन्ही मोकळ्या ठेवा आणि वरून कापडी खोळ शिवा. खोळ थोडी सैल हवी, समोरच्या कडेला दोनेक मिलिमीटर जागा सोडून. खोळच घट्ट शिवलीत तर सगळं मुसळ केरात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत.

पडदा एकदा गुंडाळून तसाच राहणार, की लोक हातात घेऊन वाकवत राहणार? खांबाभोवती कायमचा बसवायचा असेल तर काम निम्म्याहून सोपं. बसवल्यावर जे आकडे दिसतील तेच शून्य धरायचं. सतत वाकणार असेल तर पुढे सांगते ती मेहनत करावी लागेल, आणि आयुष्यही मोजकंच असेल. दुसरं, वाक एका दिशेने की कसाही? ताणता न येणारी शीट एका वेळी एकाच दिशेने गोल होते. कागद खांबाला गुंडाळता येतो, चेंडूला नाही. त्यामुळे खांब चालेल, मनगट बऱ्यापैकी चालेल, कोपर आणि खांदा विसरा. तिसरं, दाबणार कोण? बोट की तळहात? तळहाताचं उत्तर आलं तर माझ्या सॉफ्टवेअरच्या सल्ल्यातला एक भाग बाद होतो. तिथे आल्यावर सांगते.

बांधणी. १६ बाय १६ चा मोह आवरा आणि ८ बाय ८ पासून सुरू करा. डब्ल्यूएस२८१२बी एलईडींची ८ बाय ८ लवचिक पॅनल तयार मिळतात, १० मिमी अंतरावर एक एलईडी, एकूण ८ सेंमी बाय ८ सेंमी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. ही पॅनल 'लवचिक' म्हणून विकतात, पण त्यात एक मेख आहे. प्रत्येक एलईडी ५ मिमी बाय ५ मिमीचा कडक ठोकळा आहे. तो वाकत नाही. म्हणजे सगळा वाक मधल्या ५ मिमीच्या फटीत गोळा होतो. पाइप ५० मिमीचा असला, त्रिज्या २५, तरी फटीतली खरी त्रिज्या साधारण निम्मी, साडेबारा. आणि जिथे ठोकळा संपून फिल्म सुरू होते, नेमक्या त्याच रेषेवर सोल्डरचा जोड असतो. पॅनल मेलं की भिंगाखाली तिथेच बघा. केसासारखी चीर दिसेल, आणि बोटाने किंचित दाबलं की पुढचे एलईडी पेटतील, सोडलं की विझतील. या एलईडींमध्ये डेटा एकातून दुसऱ्यात जातो, त्यामुळे एक जोड सुटला की त्यापुढची सगळी रांग गप्प. माझ्या मते ५० मिमीपेक्षा बारीक पाइपवर हे पॅनल नेऊच नका, आणि हातांनी सतत वाकवायचं असेल तर ७५ मिमीवर थांबा.

सेन्सरसाठी व्हेलोस्टॅट घ्या. कार्बन मिसळलेली काळी प्लास्टिक फिल्म, दाबली की रेझिस्टन्स उतरतो. ती काळी आहे हे विसरून तिला एलईडींच्या वर ठेवणारे महाभाग दर वर्षी भेटतात. ती खालीच जाणार. बोटाचा दाब एलईडी पॅनलमधून खाली पोहोचेल का, अशी शंका येईल. पोहोचतो, आणि मघाशी ज्या कडक ठोकळ्यांना नावं ठेवली तेच इथे मदतीला येतात. प्रत्येक ठोकळा आपल्याखालच्या सेन्सरच्या चौकोनावर जोर एकवटतो. शेजारच्या चौकोनावर थोडा दाब पसरतो, पण तो चालतो. उलट बोटाभोवती मंद कडं दिसतं, ते डोळ्याला बरंच वाटतं.

व्हेलोस्टॅटच्या एका बाजूला आठ आडव्या वाहक पट्ट्या, दुसऱ्या बाजूला आठ उभ्या; जिथे त्या एकमेकींवर येतात तो एक चौकोन. पट्टी ८ मिमी, फट २ मिमी. तांब्याची चिकटपट्टी वापरू नका, वारंवार वाकवल्यावर ती चिरते. वाहक कापडाची टेप मिळते, पॉलिस्टरवर निकेल आणि तांबं चढवलेली, ती पीईटी शीटवर चिकटवा. जवळच्या एमआयडीसीत मेम्ब्रेन कीपॅड करणारा कुणी असेल तर त्याच्याकडून पीईटीवर चांदीच्या शाईच्या पट्ट्या छापून घेता आल्या तर उत्तम. असली छोटी कामं लोक दुसऱ्या जॉबच्या छपाईच्या स्क्रीनसोबत काढून देतात, नीट विचारलं तर. व्हेलोस्टॅट पट्ट्यांना कुठेही चिकटवायचा नाही, नुसता मधे ठेवायचा.

आता वाचन, कारण पुढची रड इथे होते. ओळ (आडवी पट्टी) आणि स्तंभ (उभी पट्टी) असं जाळं केलं की करंट आडवाटेने जातो. दोन ओळी आणि दोन स्तंभ यांच्या चार चौकोनांपैकी तीन दाबले की चौथाही दाबल्यासारखा दिसतो, कारण करंट उरलेल्या तिघांतून वळसा घालून तिथे पोहोचतो. स्वस्त कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्यावर चौथं अक्षर उमटतं ते याचमुळे. प्रत्येक चौकोनाला डायोड लावणं हा एक उपाय, पण ६४ डायोड वाकणाऱ्या शीटवर नकोत. त्यापेक्षा हे करा: आठही स्तंभ आपापल्या ऑप-अँपच्या (अ‍ॅम्प्लिफायर चिपच्या) इनव्हर्टिंग टोकाला जोडून एका ठरावीक व्होल्टेजवर, समजा १ व्होल्टवर, धरून ठेवा. जी ओळ वाचायची ती तेवढी शून्यावर न्या आणि बाकीच्या सातही ओळी त्याच १ व्होल्टवर ठेवा. न वाचायच्या चौकोनांची दोन्ही टोकं सारख्याच व्होल्टेजवर आली की करंट वाहायला कारणच उरत नाही, आणि आडवाट आपोआप बंद. ओळी शून्य आणि एक व्होल्ट यांत फिरवायला ७४एचसी४०५३ सारखे अ‍ॅनालॉग स्विच घ्या. ऑप-अँपसाठी एमसीपी६००४ बरा, एकात चार, म्हणजे दोन पुरतात. लॅबच्या डब्यात एलएम३२४ पडलेले असतील, पण ५ व्होल्टवर त्यांचं आउटपुट वरच्या दीडेक व्होल्टपर्यंत जातच नाही. जोरात दाबलेलं आणि फार जोरात दाबलेलं सारखंच दिसेल.

वेळेचा हिशोबही करून टाकू. आर्डुइनो उनोचं एक अ‍ॅनालॉग वाचन साधारण १०० मायक्रोसेकंद, ६४ चौकोनांना साडेसहा मिलिसेकंद. एका एलईडीचा डेटा ३० मायक्रोसेकंद, ६४ ना २ मिलिसेकंद. सगळं धरूनही सेकंदाला पन्नासेक फेऱ्या आरामात होतात. बोट ठेवल्यापासून उजेड दिसेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळ लागला तर माणसाला ते 'लगेच' वाटतं, तुम्ही त्याच्या बरेच आत आहात. १६ बाय १६ ला हीच बेरीज ३३ मिलिसेकंदांवर जाते आणि उनोची २ केबी मेमरीही तंग व्हायला लागते. तेव्हा ईएसपी३२ या जास्त ताकदीच्या मायक्रोकंट्रोलरकडे वळावं लागेल, पण त्याचा डेटा ३.३ व्होल्टचा आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या एलईडींना साडेतीन हवेत. मधे व्होल्टेज चढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाका.

वीज: एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपपर्यंत खातो, ६४ मिळून पावणेचार अँपच्या वर. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवू नका. वेगळा सप्लाय घ्या आणि कोडमध्ये कमाल उजेड चौथाईवर बांधून टाका. कापडाखाली तेवढा पुरतो आणि शीट तापतही नाही.

आता सॉफ्टवेअर, म्हणजे बोट आणि वाक वेगळं करणं. थर सरकते ठेवूनही थोडा खोटा दाब उरतोच. सुदैवाने त्याचा आकार ओळखीचा असतो. शीट एका दिशेने वाकते तेव्हा वाकाच्या अक्षाला समांतर असलेली आख्खी रांग एकदम वर चढते, आठही चौकोन जवळपास सारखे. बोट एक ते चार चौकोन उचलतं आणि बाकी रांग शांत असते. म्हणून प्रत्येक फेरीत, अक्षाला समांतर असलेल्या प्रत्येक रांगेचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा आणि त्या रांगेतल्या सगळ्या आकड्यांतून वजा करा. सरासरी नको, मध्यकच. बोटाच्या एका मोठ्या आकड्याने सरासरी हलते, मध्यक हलत नाही. एवढ्याने वाकाचा बहुतेक भाग निघून जातो. तळहाताचा प्रश्न मघाशी विचारला तो याचसाठी. तळहात आख्ख्या रांगेवर पडला तर तोही वाक समजून वजा होईल. तळहात ओळखायचाच असेल तर शीटच्या मागे वाक मोजणारा वेगळा फ्लेक्स सेन्सर लावा आणि तो हलला असेल तरच मध्यक वजा करा.

शून्याची पातळी हळूहळू सरकवत राहावी लागते, कारण व्हेलोस्टॅट विश्वासू नाही. सारखाच दाब ठेवला तरी त्याचा रेझिस्टन्स हळूहळू बदलत राहतो, आणि बोट उचलल्यावर लगेच मूळपदावर येत नाही. पण स्पर्श चालू असताना ती पातळी गोठवून ठेवा. नाहीतर कुणी बोट दाबून धरलं की पडदा हळूहळू तेच शून्य धरेल, उजेड मावळेल, आणि बोट उचलल्यावर तिथे काळोखी वण राहील. दाबाचा आकडा सरळ उजेडाला जोडू नका. डोळ्याला मंद उजेडातले फरक जास्त जाणवतात, त्यामुळे सरळ जोडला तर हलक्या स्पर्शालाच पडदा भगभगतो आणि पुढचा जोर दिसतच नाही. २.२ च्या घाताची गॅमा दुरुस्ती लावा. एका ओळीचं काम आहे आणि फरक जमीन-अस्मानाचा.

चौथी एक वाट सांगून ठेवते, कारण वाकाच्या दुखण्यातून ती जवळजवळ सुटते. एलईडी स्वतःच प्रकाशाचा सेन्सर होऊ शकतो. उलटा व्होल्टेज देऊन त्याची अंगची कपॅसिटन्स भरायची, मग ती उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. उजेड जास्त तर लवकर उतरते. मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या संशोधन प्रयोगशाळेने २००३ मध्ये हे अगदी स्वस्तात करून दाखवलं. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने सूक्ष्म नॅनोरॉडच्या एलईडींमध्ये उजेड देणं आणि टिपणं एकाच वस्तूत आणलं. हाताच्या हालचालीला न शिवता प्रतिसाद देणारा पडदा, असा तो प्रयोग. यात दाब मोजायचाच नसल्यामुळे वाकण्याने फसगत फारशी होत नाही, सावली पडली की बोट आलं. पण डब्ल्यूएस२८१२बी इथे चालणार नाहीत, त्यांच्या पोटात चिप असते. साधे लाल एलईडी घेऊन लवचिक सर्किट स्वतः काढावं लागेल. जोर कळणार नाही, आणि खिडकीजवळचं ऊन आणि वर्गातली ट्यूबलाइट यांत पुन्हा जुळवाजुळव. जोर दाखवणं हा तुमचा हट्ट नसेल तर मी हीच वाट धरेन.

थोडक्यात उजळणी: ओएलईडी नाही, ८ बाय ८ एलईडी पॅनल, सेन्सर खाली, थर सरकते, एकच कड पक्की, वाचताना बाकी ओळी स्तंभांच्याच व्होल्टेजवर, वाक रांगेच्या मध्यकाने वजा.

कामाचा क्रम मात्र हा नको. एलईडी पॅनल मागवण्याआधी नुसता सेन्सर करा आणि हार्डवेअरच्या दुकानातून ११०, ७५ आणि ५० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे आणा. सेन्सर सपाट टेबलावर, मग प्रत्येक पाइपवर, बोट न लावता ६४ आकडे लिहून घ्या. मग एकाच चौकोनावर दर वेळी तेच वजन ठेवून पुन्हा. गोलावर वजन टिकत नाही, म्हणून वजनाला दोरी बांधून ते पाइपवरून खाली लोंबतं ठेवा आणि दोरीखाली रबराचा छोटा गट्टू द्या. हा तक्ता प्रोजेक्टच्या अहवालात पहिल्या पानावर टाका. परीक्षक 'लवचिक म्हणजे किती लवचिक?' असं विचारतातच, आणि त्याला त्रिज्येचा आकडा हेच उत्तर असतं. शीर्षकात 'इलेक्ट्रॉनिक त्वचा' वगैरे लिहू नका. 'दाबाला प्रतिसाद देणारं लवचिक एलईडी पॅनल' पुरे.

पाइपवरचे आकडे आले की इथेच टाका, सोबत खांब की मनगट आणि बोट की तळहात हेही लिहा. ५० मिमीवर रिकामे आकडे बोटाच्या आकड्याच्या तिसऱ्या भागापेक्षा खाली असले तर एलईडी पॅनल मागवायला हरकत नाही. वर असले तर आधी खोळीच्या शिलाईचा आणि मोकळ्या कडांचा फोटो पाठवा.